मानेमागची जागा

"तंगडी धरू नका बाई," रंभाजी म्हणाला,
"तंगडी तुमच्या हातात ठिवून त्यो जातो."
तोवर गेलाच होता.
चिमटीत एक काटेरी पाय,
नखाएवढी करवत,
अजून आखडत होती, सरळ होत होती,
आणि तिचा मालक होडीच्या फळीखाली,
सहातले पाचच उरलेले,
खरोखरची पाचावर धारण बसलेला.

कुंभारगावाकडून निघालो तेव्हा सहा वीस.
पत्र्याची होडी, वल्ह्याचा टोकाशी चिरलेला बांबू,
पलीकडे रुळांवरून सोलापूरची गाडी
सगळ्या खिडक्या पेटवून चाललेली.
माझ्या मांडीवर कापलेली पाण्याची बाटली,
तोंडाला जुना पायमोजा ओढलेला,
आत अंड्यांच्या ट्रेचे तुकडे, बटाट्याची एक काप
आणि चाळीस रातकिडे.
रंभाजीच्या नातवानं बॅटरी दातांत धरून
कडब्याच्या गंजीखालून वेचलेले,
रुपयाला एक. मोडके दोन वर.

"मोज्यात हात घाला. शोधू नका.
एक आपसूक चढंल बोटावर.
मूठ वळली की मेला,
सैल सोडला की गेला,
आन् मेल्याला मरळ हुंगत बी न्हाई."
तंबाखूचा हात त्यानं आधी
काठच्या चिखलानं घासून धुतला होता,
दोनदा. देवळात जाताना
एवढा धूत नसावा.

दुसरा रातकिडा धरला तो नीट.
डोक्यामागं दोन बोटं,
भांगात कुंकू भरताना बोट जेवढं टेकतं
तेवढीच टेकवून.
आत काहीतरी धडधडत होतं,
त्याचं की माझ्या बोटांतलं, कळेना.

"मानेमागं बारकी ढाल असती बघा.
तिच्या खालनं गळ घालायचा, वरच्या वर.
आत न्यायचा न्हाई.
मंग तासभर जगतो.
पाण्यावर पाय झाडतो.
आपल्याला तेवढंच पायजे."

ससूनला, मुलांच्या वॉर्डात, एकतीस वर्षं
मी हेच केलं.
हातावर शीर मिळेना की बाळाच्या डोक्यावर शोधायची,
आईला दाराबाहेर उभं करायचं,
हलू द्यायचं नाही, दाबायचं नाही,
सुई वरच्या वर, तिरकी,
दुखेल तेवढंच दुखवायचं.
आणि मग जीव राहायचा.
बहुतेकांचा.

गळ ढालीखालून गेला
आणि माझा हात हलला नाही.
हलायला हवा होता, असं वाटलं.
"हाताला सवय हाय जणू," रंभाजी म्हणाला.
मी हो म्हटलं.
कशाची, ते त्यानं विचारलं नाही,
दोरी सोडत होता.

पाण्यावर एक ठिपका गोल गोल फिरत राहिला.
मी बघत होते.
पहिल्यांदा वाटलं, ओढून घ्यावा.
मग ठिपक्याखाली पाणी जरा जाड झालं,
एक चमचाभर आवाज,
आणि ठिपका नव्हता.

मरळ सव्वा किलोची निघाली.
बादलीत वितभर पाणी, तिला पुरलं,
वरचेवर तोंड बाहेर काढून हवा गिळत होती.
"दोन तास अशीच जगंल," तो म्हणाला, कौतुकानं.
पुढचे नऊ मीच लावले.
तिसऱ्यानंतर मी मोजत होते
ते रातकिडे नव्हेत, वेळ.

ऊन चढलं, वारा पडला, वल्ही थांबली,
तेव्हा फळीखालून आवाज आला.
आधी एकदा, अडखळत.
मग सलग.
भर दिवसा, पाच पायांवर,
पंखाला पंख घासत.

रंभाजीनं फळी उचलली, गप्प झाला.
फळी ठेवली, सुरू झाला.
"आता होडी उपडी केल्याबगर
सापडायचा न्हाई," म्हणाला,
आणि वल्हं मारायला लागला,
पण हळू,
पाण्याचा आवाज होऊ न देता.

बाटलीत अजून सत्तावीस होते.
मी मोज्याला गाठ मारली,
मग जरा सैल केली,
मग परत घट्ट.