टाचेची पट्टी

दुकान बंद व्हायला पंधरा मिनिटं होती.
स्किप्टनमध्ये मंगळवारी अशा वेळी येतं कोण,
खोकल्याचं औषध विसरलेला एखादा, नाहीतर वारा.
तो आला. म्हणाला, टाचांसाठी काहीतरी द्या,
फार महागाचं नको.

मी मोजे काढायला लावले.
(फार्मासिस्टनं लावू नयेत. लावले.)
दोन्ही टाचा फोडांनी भरलेल्या, एक फुटलेला,
अंगठ्याचं नख जांभळासारखं काळंनिळं.
कुठून? हलहून.
कसे? पायी.
बसचा नंबर सांगावा तसं सांगितलं.

सिरिल बूथरॉइड, वय अडुसष्ट.
चाळीस वर्षं गॅसचे मीटर वाचले,
लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे लिहिले.
कुत्र्यांची नावं पाठ, माणसांची नाहीत.
मजेखातर कधी चाललो नाही, म्हणाला,
पायांना वाटत असेल, पगार का थांबला.

एवढ्यात त्याच्या पिशवीत टोल पडले. सात.
भिंतीवर पावणेसहा.
वडिलांचं घड्याळ, लाकडी, टॉवेलात गुंडाळलेलं.
बहीण मोरकॅमला, समुद्रासमोर, दुसऱ्या मजल्यावर.
सव्वीस वर्षं बोलणं नाही.
दफनानंतरचा चहा निवायच्या आत
यानं ते गाडीत नेऊन ठेवलं होतं.
तिनं मागितलंही नाही,
तेच लागलं, म्हणाला.

"इथून थेट गाडी आहे की," मी म्हटलं, "दीड तास."
तो मोजा चढवत होता,
तान्ह्याला झबलं घालावं तसा, हळू.
"दीड तासात दारात काय बोलायचं
ते ठरत नाही."
"आणि आतापर्यंत किती ठरलं?"
"हॅलोपर्यंत आलोय."

पैसे सुट्ट्या नाण्यांत मोजून दिले.
कालव्याच्या काठानं गार्ग्रेव्हकडे निघाला.
बदकं वाटेतून हलली नाहीत,
तोच वळसा घालून गेला.

त्या रात्री मी माझ्या स्टॉपवर थांबले नाही.
पुढच्या स्टॉपपर्यंत चालले, मग त्याच्या पुढच्या.
बस शेजारून गेली, ड्रायव्हरनं हात केला.

जळगावला माझी धाकटी आहे, हेमलता.
आईच्या बाराव्याला पाटल्यांकडे बघत म्हणाली होती,
राहू दे तुझ्यापाशी.
मी राहू दिल्या.
मधे समुद्र आहे, चालत कसं जाणार,
असं मी पायांना समजावलं.
पायांनी ऐकून घेतलं.

तो पोचला का, मला कळलं नाही.
कळवणार कोण, आणि मला का?
टाचेच्या पट्ट्यांचा तो खोका संपला, नवा मागवला.

पाटल्या मोज्यांच्या खणात आहेत.
खण ओढला की एकमेकींवर आपटून वाजायच्या,
म्हणून मी मधे
एक मोजा घातलाय.