पुसून घे आधी

अंबडला, अठ्ठावीस नंबरच्या शेडमागे
भट्टीचं पाणी नाल्यात सोडतात.
सत्तर अंश. आंघोळीला जास्त, वाफेला कमी,
म्हणून कुणाचंच नाही.
त्यातलं थोडं वळवून घेऊन मी एक चाक फिरवतो.

दोन पुल्या, त्यांच्यावर निटिनॉलच्या तारेचा वेढा.
गार असली की वाकवाल तशी वाकते.
ऊन पाणी लागलं की तिला आठवतं,
आपण सरळ होतो.
ती सरळ व्हायला बघते, चाक होऊ देत नाही,
आणि त्या ओढाताणीत चाक फिरतं.
एवढंच इंजिन. ना पिस्टन, ना धूर, ना आवाज.

कार्यक्षमता एक पूर्णांक एक टक्का.
सत्तर आणि चोवीस, या दोन पाण्यांमध्ये
कार्नोचा नियमही तेराच्या पुढे जाऊ देत नाही.
पण तेरा कुठे, एक कुठे!
मधल्या जागेत माझे तीन महिने गेले.
तार बारीक केली. पुली लहान केली.
बेअरिंग रॉकेलनं धुतली.
तार तुटली, सहा हजार फेऱ्यांनंतर,
मी चहाला गेलो होतो तेव्हा.

रविवारी तांबट आळीतून मोरेश्वरकाका आले.
घागरींवर ठोके घालून घालून कान गेलेत त्यांचे.
उकिडवे बसले, अर्धा तास नुसते बघत.
म्हणाले, तांबं ठोकलं की ताठरतं,
भट्टीत घातलं की सगळे ठोके विसरतं.
तुझी ही उलटीच दिसते.

मग तारेखाली बोट धरलं.
बोटावर थेंब.
"इकडचं ऊन पाणी ही तिकडं नेऊन ओतते की रे.
पुसून घे ना आधी."

स्कूटरच्या डिकीतलं जुनं बनियन फाडलं,
कपड्यांच्या चिमट्यात घडी करून
तार त्यातून ओढून घेतली.
कापडाचं घासणं वजा जाऊनही
तासाभरात एक पूर्णांक नऊ.

आकडा मी ओरडून सांगितला.
काकांना ऐकू गेला नाही.
त्यांनी गार टाकीत कोपरापर्यंत हात घातला,
थोडा वेळ तसाच ठेवला,
आणि मान हलवली: हां, आता गार आहे.

बनियन मात्र दर दोन दिवसांनी बदलावं लागतं.