ओला आवाज

पोरं म्हणाली, काका, आवाज ओला हवा.
मी म्हटलं, वेंगुर्ल्यात ओलं आणि सुकं
बाजारात मिळतं, पाटीवर.
हसली. मग इनासने एकच तार छेडली
आणि हाताने दाखवलं:
इथे संपायचं नाही, असं लांब जायचं,
भिंतीवरून घरंगळत.

बँडचं नाव मुडदुशे.
गिटारवर इनास, बेसवर त्याचा मावसभाऊ,
ड्रमवर अश्फाक होडेकर, ज्याचा बाप ट्रॉलरवर असतो,
आणि गाणारी हर्षला, दिवसा पतपेढीत
पिग्मीची खाती लिहिणारी.
सर्फ म्हणजे काय रे, मी विचारलं.
लाटेवर उभं राहणं.
तू राहिलास?
दोनदा पडलंय, इनास म्हणाला.

माझ्याकडे दशावताराचे चार माइक,
डबलबारीचा मिक्सर,
आणि एको, जो मी फक्त राक्षसाच्या प्रवेशाला देतो.

मग आल्मेदांचा बर्फाचा कारखाना आठवला.
एप्रिल. कंप्रेसर म्हापशाला दुरुस्तीला गेलेला,
टाक्या कोरड्या.
तिथे टाळी वाजवली तर ती
कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येते, जराशी गार होऊन.
तीन रात्री बसलो.
ड्रम सरकू नये म्हणून मिठाची गोण,
बेसच्या अँपवर अश्फाकच्या आईने दिलेला डबा,
बंदराकडचं लोखंडी दार, जे कधीच नीट लागत नाही.
हर्षलाचं गाणं एका मुलीचं,
जिची स्कूटर वाळूत रुतते
आणि ती घरी फोन करत नाही.

मिक्सिंग घरी, मे महिनाभर.
झांज वाजली की हिरवी पट्टी उडी मारते.
मला ती दिसते.
सावंतवाडीच्या डॉक्टरने तीन वर्षांपूर्वी
कागदावर माझ्या कानांची रेघ काढली होती,
चार हजारांच्या पुढे जिना उतरणारी.
तो कागद केबलच्या पेटीत, तळाला आहे.
कोणाला सांगितलं नाही.
सव्वीस वर्षांचा धंदा, साउंड सर्व्हिस,
त्यात कान गेले हे सांगायचं कुठल्या तोंडाने.

जेटीवर गाडीची चारी दारं उघडून
त्यांनी सगळी गाणी ऐकली. मी बोनेटला टेकून.
तिसऱ्या गाण्यात हर्षला वळली.
काका, तुमी दर्या ठेवलात!
कसलो दर्या?
अख्ख्या गाण्यात फेस आसा. बारीक.
सोड्याची बाटली फोडल्यासारखो.
आमका वाटला होता तुमी पुसून टाकशात.

मी मान डोलावली,
मुद्दाम केलेल्या माणसासारखी.

माझा समुद्र म्हणजे धप्प.
नंतरचं काही नाही.
लाट फुटते आणि माझ्यापुरती तिथेच संपते,
कधीपासून, तेही धड माहीत नाही.

त्या रात्री तिसरं गाणं पुन्हा लावलं
आणि वेग कमी केला. निम्मा. मग पाव.
हर्षलाची म्हैस झाली,
इनासची तार नांगराचा दोर,
अश्फाक एकेक टोला विचार करून मारू लागला,
आणि त्यांच्या मागून
कोणी सुपातून तांदूळ ओतावेत, संपूच नयेत,
तसं काहीतरी खाली उतरत आलं
माझ्या कानांच्या पायरीपर्यंत.

बायको उठून दारात.
ह्या काय लावलात? कोण कण्हता?

मुडदुशे, मी म्हटलं.
बस जरा.