जुना ड्रायव्हर

मिस्टर गेडिस दारातूनच सांगतात,
"धुकं आलं की मरतो. रोज. त्याच वळणावर."

पडद्यावर डंडी: टे नदी, ओला रस्ता,
बावीस नंबरची बस, आत कुणी नाही.
निवृत्त झाले तेव्हा मुलीने आणून दिलेला खेळ.
मी स्टिअरिंग धरते, टेकडी चढते.
नदीवरून धुकं निघतं, काचेवर येतं
आणि सगळं निळं.
एक रडका चेहरा, टक्के मोजत बसलेला.

मेमरी तपासली. निर्दोष.
पंखा उघडून मांजरीचे केस काढले, तरी निळंच.
मग नोंदी वाचल्या: अकरा वेळा मेला,
अकराही वेळा एकच नाव.

"ड्रायव्हर खराब आहे," मी म्हणाले.

त्यांनी कप खाली ठेवला.
"चौतीस वर्षं. एक ओरखडा नाही."

अहो, तुम्ही नाही. पडद्याचा.
मंगळवारी रात्री नवा आला, न विचारता,
जुन्याला उतरवून बसला त्याच्या जागेवर.

"असंच करतात," म्हणाले,
आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

नव्याला काढलं. जुन्याला परत बोलावलं,
तीन वर्षांपूर्वीचा, संथ, पण वळणं ठाऊक असलेला.
अपडेटला कडी घातली.

धुकं आलं. बस आत शिरली.
निळं झालं नाही.
दिवे खाली करत गेडिस पुटपुटले,
"धुक्यात लांबचा दिवा लावायचा नसतो.
नव्यांना हे कोण सांगणार?"

पुढच्या थांब्यावर बस उभी केली, दार उघडलं.
कुणीच नव्हतं.
तरी घड्याळ बघून
पूर्ण मिनिटभर थांबले.