अंगठ्याएवढी जागा

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये तीन दिवस
रबर पिकत नव्हतं.
रसिकभाई ‘क्योर’ म्हणतात,
मी आंब्याच्या हिशेबानं बोलते.

दहाला एक, मोजून ढवळलं,
हवा ओढून घेतली, भट्टी शंभरावर.
सकाळी साचा उघडला तर कडा घट्ट
आणि पोटात पाक चुकलेल्या वडीसारखं,
बोटाला तार धरणारं.

संशय घेतला प्लॅटिनमवर, बॅचवर, तराजूवर.
पुरवठादाराला फोनवर नको ते बोलले,
गुजरातीत; बडोद्यात जन्म गेला,
रागवायला मला तीच नीट येते.

चौथ्या दिवशी पिनाकिनचे हात दिसले.
नवा मुलगा, पादऱ्याहून रोज येतो.
पिवळट लेटेक्सचे मोजे, मेडिकलमधून, स्वतःच्या पैशानं,
डब्यातल्या रोटल्याला सॉल्व्हंटचा वास लागतो म्हणून.

गंधक.
मोज्यात मुरलेलं, कुणाला न दिसणारं.
दहा लाखांत दहा भाग प्लॅटिनम;
त्याला गप्प बसवायला एवढं शिवणं पुरतं.
मी मोजे टोपलीत टाकले, कारण सांगितलं नाही.

मग काच.
काच आपणहून रबराला आपलं म्हणत नाही,
मध्ये सिलेन लागतं, शेकडा अर्धा:
एका हातानं काच धरतं, दुसऱ्यानं रबर.
जास्त घातलं तर एकमेकांनाच धरत बसतं,
लग्नघरात मध्यस्थच फार झाल्यासारखं.

शुक्रवारी पट्टी ओढली.
काटा चढत गेला,
रबर मधोमध फाटलं, काच सोडली नाही.
फाटलं म्हणजे पास,
हे पिनाकिनला पटायला चहा संपला.

फक्त एका कोपऱ्यात
ते साल निघावी तसं अलगद सुटलं.
खाली काच मोकळी, अंगठ्याएवढी,
आणि रबराच्या पाठीवर
रेषा, भोवऱ्यासकट.

पिनाकिन आपला अंगठा बघू लागला.
मी माझा बघितला.
सकाळी वेणी घातली होती तेल लावून,
नंतर हात धुतले, दोनदा,
आणि मोजे तर मीच फेकले होते.

रिपोर्टात लिहिलं: नमुना चार, कोपऱ्यात पकड शून्य.
कारण: हाताळणी.
कुणाची, याला रकाना नव्हता.

‘तुझा नाही, माझा,’ म्हटलं.
तो काचेकडेच बघत राहिला.
मग मी विचारलं, मोज्यांचे किती झाले होते.

‘एकशे ऐंशी, बेन.’