पान ३८८, उजवा रकाना

धंतोलीत, दुसऱ्या मजल्यावर, मे महिना.
कूलर वाळ्याचा वास फेकतोय
आणि कोशाची पानं उडू नयेत म्हणून
मी त्यांच्यावर बंद पडलेला माऊस ठेवलाय.
निदान तेवढा उपयोग.

काम सोपं आहे, म्हणाले होते.
जुन्या फाँटातली फाइल युनिकोडमध्ये ओतायची, बस.
ओतली, तर रफार उडून शेजारच्या अक्षरावर बसले,
ऱ्हस्व वेलांट्या एकट्याच पुढे निघून गेल्या.
चार महिने रफार पकडतेय,
घरात शिरलेल्या चिमण्यांसारखे.

अप्रचलित शब्दापुढे छापील कोशात कट्यार होती,
एवढीशी, नुकतीच खुपसल्यासारखी.
मोबाईलवर तिथे रिकामा चौकोन येतो.
आणि 'पाहा' निळा झालाय.
पूर्वी पाहायचं म्हणजे अंगठा ओला करून साठ पानं मागे,
वाटेत भलताच शब्द भेटायचा, चहा निवायचा.
आता बोट टेकवलं की पोचलो.
मला हे आवडतं, खोटं कशाला बोलू.
आईला बारीक दिसत नाही;
तिच्या टॅबवर एकेक अक्षर पेरूएवढं होतं
आणि पान नावाची गोष्टच उरत नाही.

हायकोर्टातले एक वकील फोन करतात:
"पान सहाशे बारा, डावा रकाना, खालून चौथी ओळ.
तुमच्यात ती कुठे आहे?"
मी म्हणते, तुम्ही अक्षर केवढं ठेवलंय त्यावर आहे.
ते बराच वेळ गप्प.

पान ३८८.
माथ्यावर डावीकडे 'धुरकट', उजवीकडे 'धोटा'.
धोटा: मागावर आडवा दोरा इकडून तिकडे नेणारा.
त्याखाली तीन ओळी कोऱ्या.
बाराशे पानांत असं दुसरीकडे कुठेच नाही,
बाकी सगळे रकाने तळाला टेकलेले,
कवायतीतल्या पोरांसारखे.
मी ती जागा दोनदा उघडली.
स्क्रीननं दोनदा बुजवली.

गोळीबार चौकाच्या आतल्या बोळीत
नत्थूजी हेडाऊ राहतात, वय ब्याऐंशी.
अख्खा कोश त्यांनी खिळा खिळा जुळवला.
प्रस्तावनेत त्यांचं नाव नाही.
प्रस्तावनाही त्यांनीच जुळवली होती.

त्यांनी पान वाचलं नाही,
तळाशी अंगठ्यानं चाचपलं.
"इथं एक शब्द होता जी. आमच्या मागावरचा.
बाप बोलत जाय.
मीच संपादकसायबाले सांगितला, त्याहीनं घेतला.
फर्मा आवळून झाला अन् रात्री निरोप आला,
काढा, कोन्या ग्रंथात सापडत नाही.
काढला.
धोतर वर ओढलं असतं तं जागा भरून गेली असती.
नाही ओढलं.
शिशाच्या कोऱ्या पट्ट्या भरल्या, तीन.
प्रुफात कोनाले दिसलं नाही.
कोऱ्या जागेचं प्रूफ कोन वाचते?"

मग त्यांनी शब्द सांगितला, हळू,
शेजारच्या घरात कोणी झोपलेलं असावं तसा.
मी तिथेच मोबाईल काढला, शोधला.
शून्य नोंदी.
"काय म्हनते?"
सापडत नाही म्हणतो.
"पुस्तकातबी नाही सापडत," नत्थूजी म्हणाले,
"पन पुस्तकात तो तीन ओळी लांब आहे."

परत येऊन 'धोटा'च्या कोडखाली
मी तीन ओळी लिहिल्या, अशा खुणांमध्ये
की कुठल्याच स्क्रीनवर उमटू नयेत:
शब्द. अर्थ. नत्थूजी हेडाऊ, गोळीबार चौक.
पुढे कधी कोणी रफार पकडायला फाइल उघडेल,
तेव्हा बघेल.

मग धोतर. मग धोपट. धोरण.
रफार एकही नाही, सोपं पान.
कूलरमध्ये पाणी टाकायला उठले.