हद्द

रामबागेत नर्मदा एक दिवसाआड येते.
तिला बादलीत रात्रभर उघडी ठेवते,
क्लोरीन उडून जावा म्हणून.

छावणीतला दुकानदार म्हणाला होता,
"पाँच लो, या एक. दो मत लेना, आंटी."
मी दोनच आणले. पट्टेरी मुरे.

तळाशी फुटक्या कुल्हडाचा तुकडा,
त्यात थोरला. फक्त मिशा बाहेर.
धाकटा जवळून गेला की
टक्! काचेवर नख वाजावं तसं,
आणि डोळ्याखालचा काटा उभा.
दुसरं कुल्हड ठेवलं, ते रिकामंच.
दोघांना तेच हवं.

ह्यांना म्हटलं,
शेपटीला आज आणखी एक चीर.
पेपरामागून उत्तर आलं,
"दगड हलवून बघ. हद्दच विसरतील."

रविवारी सगळं उपसलं,
दगड इकडचे तिकडे,
कुल्हडं पालथी, वेगळ्याच कोपऱ्यांत.
दिवा मालवला.
सकाळी दोघे
परगावच्या स्टँडवर उतरल्यासारखे
एकमेकांना खेटून.

मंगळवारपर्यंत टिकलं.

बुधवारी हे दूध आणायला गेले तेव्हा
खिडकीजवळची ह्यांची खुर्ची
मी सहज
दाराकडे सरकवली.